अनुदान, जाहिरात आणि मौन : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्यातील सामुदायिक दूरचित्रवाणीच्या अर्थव्यवहाराची समीक्षा

प्रस्तावना

९ ऑगस्ट २०११ रोजी मावळ तालुक्यातील बऊर येथे पवना बंद जलवाहिनीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात तीन जणांचा बळी गेला. धरण मावळात, पाणी पिंपरी-चिंचवड शहराला, आणि ज्यांच्या जमिनीखालून जलवाहिनी जायची ते शेतकरी त्या शहराचे मतदारही नव्हते. शहराच्या सभागृहात प्रकल्पाची चर्चा झाली ती पाणीपुरवठ्याची योजना म्हणून. गावांत झाली ती जमीन आणि हक्काचे पाणी जाण्याची भीती म्हणून. या दोन चर्चा एकमेकींना ऐकू गेल्या त्या गोळीबारानंतर, आणि त्याही पुण्या-मुंबईच्या वृत्तवाहिन्यांच्या मध्यस्थीने.

जलवाहिनीचा वाद हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. मात्र त्या वादामागील एक अभाव येथे विचारार्थ घेतला आहे. सतरा लाखांहून अधिक लोकसंख्येचे (२०११ च्या जनगणनेनुसार १७ लाख २७ हजार) शहर आणि त्याच्या उत्तरेस चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, खराबवाडी, नाणेकरवाडी अशी कारखान्यांनी वेढलेली गावे यांना स्वतःची म्हणावी अशी, नफा न कमावणारी आणि रहिवाशांच्या संस्थेने चालविलेली दूरचित्रवाणी वाहिनी नाही. अमेरिका, जर्मनी यांसारख्या देशांत अशा वाहिन्या गेली चार-पाच दशके सार्वजनिक पैशावर चालत आल्या आहेत. आपल्याकडे अशा वाहिनीला स्थानिक स्वराज्य संस्थेने आर्थिक साहाय्य द्यावे असे म्हटले की दोन प्रतिक्रिया उमटतात. पहिली, महापालिकेकडे यासाठी पैसा कोठे आहे? दुसरी, महापालिकेचा पैसा घेणारी वाहिनी महापालिकेविरुद्ध बोलेल कशी? पहिल्या प्रश्नात फारसे तथ्य नाही. दुसऱ्यात आहे, परंतु तो ज्या दिशेने विचारला जातो ती दिशा चुकीची आहे. स्थानिक संस्थांचा पैसा स्थानिक दृश्यमाध्यमांपर्यंत आजही पोहोचतोच. तो जाहिरातीच्या रूपाने पोहोचतो. आपले प्रसारणविषयक धोरण अनुदानाला भिते, जाहिरातीला भीत नाही. ही विसंगती तपासणे हा या लेखाचा हेतू होय.

कायद्यातील रिकामी जागा

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात दिला. खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. या निर्णयातून पुढे सामुदायिक रेडिओचा मार्ग निघाला. डिसेंबर २००२ मध्ये केंद्र शासनाने शैक्षणिक संस्थांना परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले आणि नोव्हेंबर २००६ मध्ये ते नागरी संस्थांसाठी खुले केले. पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीची ‘वसुंधरा वाहिनी’, सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही या धोरणाची आपल्या परिसरातील फळे होत. दूरचित्रवाणीसाठी मात्र असा कोणताही वर्ग आजतागायत निर्माण झालेला नाही. सामुदायिक दूरचित्रवाणी हा शब्दप्रयोगच आपल्या परवाना-व्यवस्थेला अपरिचित आहे.

याचा अर्थ स्थानिक दूरचित्रवाणी नाही असा नव्हे. केबलचालकाने स्वतःच्या नियंत्रणकक्षातून चालविलेल्या वाहिन्या नव्वदीच्या दशकापासून प्रत्येक शहरात होत्या आणि आहेत. गणपतीची मिरवणूक, नगरसेवकाच्या वाढदिवसाचे फलक, सोन्याच्या दुकानाचे उद्घाटन आणि अधूनमधून पाण्याच्या वेळापत्रकातील बदल हा त्यांचा ठरलेला ऐवज. या वाहिन्यांकडे तुच्छतेने पाहण्याची अभिजनांची प्रवृत्ती प्रस्तुत लेखकास मान्य नाही. आपल्या चौकातील माणूस पडद्यावर दिसणे ही साधी गोष्ट नसते. तथापि या वाहिन्यांची कायदेशीर ओळख बराच काळ अस्पष्ट राहिली. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने (ट्रायने) नोव्हेंबर २०१४ मध्ये त्यांच्याविषयी शिफारशी केल्या, आणि माहिती व प्रसारण मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे येण्यास ३० नोव्हेंबर २०२२ उजाडले. त्यानुसार अशी वाहिनी म्हणजे बहुप्रणाली केबलचालकाची ‘प्लॅटफॉर्म सेवा’. नोंदणीशुल्क वाहिनीमागे अवघे एक हजार रुपये. चालकाच्या एकूण वाहिनीक्षमतेच्या पाच टक्के इतकी मर्यादा, आणि त्याशिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन वाहिन्यांची मुभा. येथपर्यंत सारे उदार आहे. परंतु स्थानिक बातम्या व चालू घडामोडी देण्याचा अधिकार केवळ कंपनी म्हणून नोंदलेल्या घटकालाच आहे.

या एका अटीचा अर्थ नीट समजून घ्यावा लागेल. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था किंवा सोसायटी म्हणून नोंदलेली संस्था, म्हणजेच महाराष्ट्रातील बहुतेक सर्व सेवाभावी संस्था, भजन दाखवू शकते. पण वॉर्डातील सांडपाण्याची बातमी दाखवू शकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम ८ नुसार ना-नफा कंपनी काढणे हा त्यावरचा मार्ग आहे. तो बंद नाही. परंतु तसे केल्यानंतरही वाहिनी ज्याच्या जाळ्यावर दिसायची तो केबलचालकच तिचा यजमान राहतो. याउलट सामुदायिक रेडिओचे. तेथे ना-नफा संस्थेला स्वतंत्र स्थान आहे, केंद्र व राज्य शासनाने पुरस्कृत केलेले कार्यक्रम घेण्याची मुभा आहे, परंतु आकाशवाणीच्या बातम्या पुनःप्रसारित करण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई आहे. थोडक्यात, जिला साहाय्य घेता येते तिला बातमी देता येत नाही आणि जिला बातमी देता येते तिला साहाय्याची गरज भासू नये, असे धोरणाने गृहीत धरले आहे. बातमी आणि सार्वजनिक पैसा यांची गाठ पडू नये याची ही दक्षता कोणी एका बैठकीत आखलेली नसेल. वेगवेगळ्या वेळी केलेल्या नियमांची बेरीज मात्र तीच होते.

मालकी आणि साहाय्य यांतील गल्लत

राज्य शासने, नागरी व ग्रामीण स्थानिक संस्था आणि सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था यांना प्रसारणक्षेत्रात येऊ द्यावे काय, हा प्रश्न केंद्राने ट्रायला विचारला होता. नोव्हेंबर २००८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०१२ मध्ये ट्रायचे उत्तर नकारार्थी आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मंत्रालयाने केंद्र व राज्यांच्या खात्यांना आणि त्यांच्याशी संबंधित संस्थांना प्रसारण व वितरणातून बाहेर पडण्याची, तसेच आपला आशय प्रसार भारतीमार्फतच देण्याची सूचना केली. या भूमिकेमागील भीती निराधार नाही. तमिळनाडूत २००७ साली शासकीय केबल महामंडळ स्थापन झाले, आणि वाहिनी कोणती दिसावी हा प्रश्न तेथे सत्ताधारी पक्षाच्या सोयीशी जोडला गेला. महापालिकेने स्वतःची वाहिनी काढली तर ती आयुक्तांच्या पाहणीदौऱ्यांची चित्रफीत होईल, हे सांगण्यास भविष्यवेत्ता नको. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने स्वतःची वाहिनी काढावी, असे प्रस्तुत लेखकासही वाटत नाही.

परंतु ट्रायसमोरील प्रश्नातच मालकी आणि साहाय्य या दोन भिन्न गोष्टी एका यादीत बसविल्या गेल्या होत्या. महापालिकेची वाहिनी आणि महापालिकेचे अनुदान घेणारी स्वतंत्र वाहिनी यांत जो फरक आहे तो ‘सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था’ या सरसकट शब्दांत नाहीसा होतो. रेमंड विल्यम्स यांनी १९६२ साली ‘कम्युनिकेशन्स’ या ग्रंथात संज्ञापनव्यवस्थांचे हुकूमशाही, पालकत्ववादी, व्यापारी आणि लोकशाही असे चार प्रकार मांडले. त्यांतील चौथा प्रकार अद्याप अस्तित्वात यावयाचा आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांची मांडणी थोडक्यात अशी की, साधने सार्वजनिक असावीत, परंतु त्यांचा वापर करणारे गट स्वायत्त असावेत, आणि दोहोंच्या मध्ये शासनापासून अलग असलेली विश्वस्त मंडळे असावीत. साठ वर्षांपूर्वीची ही मांडणी आज जुनी वाटत असेल; पण आपल्या धोरणातील उणीव ती नेमकी दाखविते. आपल्याकडे शासन आणि बाजार हे दोनच पक्ष कल्पिले गेले आहेत. मधली जागा कल्पिलीच गेलेली नाही.

अन्यत्र ती कल्पिली गेली. अमेरिकेत १९८४ च्या केबल कायद्याने नगरशासनाला केबल कंपनीच्या स्थूल उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत परवाना-शुल्क (फ्रँचाइज फी) आकारण्याची आणि नागरिक, शिक्षणसंस्था व नगरशासन यांच्यासाठी वाहिन्या राखून घेण्याची मुभा दिली. शहरातील रस्त्याखालून तार नेता, तर रस्त्याचे भाडे द्या, हे त्यामागील सरळ तत्त्व. जर्मनीत त्याच वर्षी लुडविग्सहाफेन येथे ‘खुली वाहिनी’ सुरू झाली. तेथील अशा वाहिन्यांचा खर्च प्रसारणशुल्कातून, राज्यस्तरीय माध्यम-प्राधिकरणांमार्फत भागविण्याची पद्धत पडली. दोन्ही व्यवस्थांत दोष आहेत. केबल सोडणाऱ्या अमेरिकी ग्राहकांबरोबर तेथील शुल्कही आटत चालले, आणि २०१९ मध्ये संघीय आयोगाने वस्तुरूप सुविधांचे मूल्य त्या पाच टक्क्यांतून वजा करण्यास परवानगी देऊन वाहिन्यांची अडचण आणखी वाढविली. परंतु तेथे वाद पैसा किती आणि कोणाकडून यावर होतो. पैसा घेतल्याने वाहिनी आपोआप सरकारी होते, असे कोणी मानत नाही.

आपल्या देशातील पूर्वेतिहासही उद्बोधक आहे. १९७५ पासून इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने गुजरातमधील खेडा जिल्ह्यात पिज येथील प्रक्षेपकावरून स्थानिक कार्यक्रम दाखविले. शेतमजुरी, सावकारी, जातिभेद यांवर गावकऱ्यांनीच अभिनय केलेल्या मालिका त्यात होत्या. १९८४ साली या प्रकल्पाला युनेस्कोचा पुरस्कार लाभला, आणि त्याच दशकात तो गुंडाळलाही गेला. पैसा केंद्राचा, प्रक्षेपक केंद्राचा, निर्णयही केंद्राचा. खेड्याच्या पंचायतींचा त्यात एक रुपया नव्हता, म्हणून त्यांचा शब्दही नव्हता. मुंबई दूरदर्शनच्या ‘ज्ञानदीप’ कार्यक्रमाभोवती आकाशानंद यांच्या प्रेरणेने गावोगाव प्रेक्षकांची मंडळे उभी राहिली, ही तर आपल्या डोळ्यांसमोरची गोष्ट. प्रेक्षक संघटित होऊ शकतो हे त्या मंडळांनी सिद्ध केले. वाहिनी मात्र त्यांची कधीच नव्हती.

जकातीचे शहर आणि केबलचे पंचेचाळीस रुपये

आता पैशाकडे वळू. ४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे मिळून नगरपालिका स्थापन झाली. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी तिची महानगरपालिका झाली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज ऑटो यांच्या फाटकांतून आत जाणाऱ्या मालावर जकात होती, आणि त्या बळावर ही महापालिका आशियातील सर्वांत श्रीमंत असल्याचे अभिमानाने सांगितले जाई. १ एप्रिल २०१३ पासून जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ मध्ये पन्नास कोटींपर्यंतच्या उलाढालीस त्यातून सूट मिळाली. आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराने तो इतिहास संपविला.

त्या वेळी राज्याने केलेला स्थानिक प्राधिकरणांच्या भरपाईचा कायदा या चर्चेत फार महत्त्वाचा आहे. २०१६-१७ हे आधारवर्ष धरून, दरसाल आठ टक्के चक्रवाढीने वाढणारी भरपाई महापालिकांना दरमहा मिळावी, अशी तरतूद त्यात केली गेली. महापालिकांनी हा आग्रह का धरला? कारण राज्याच्या मर्जीवर अवलंबून राहिलेली रक्कम ही रक्कम नसते, ते उपकार असतात, हे त्यांना ठाऊक होते. भरपाई कायद्याने ठरली, तिचे सूत्र ठरले, तिची वाढ ठरली, म्हणून मुंबईत सत्ता कोणाचीही असली तरी महापालिका आपले मत मांडू शकते. स्वतःसाठी हे तत्त्व इतक्या स्पष्टपणे ओळखणाऱ्या संस्थांनी शहरातील माध्यमांच्या बाबतीत ते लागू होऊ शकते, याचा विचारही केलेला दिसत नाही.

केबलवरील करमणूक शुल्काची कथा याहून बोलकी आहे. वस्तू व सेवा कर येण्यापूर्वी महाराष्ट्रात महापालिका क्षेत्रातील प्रत्येक केबलजोडणीमागे दरमहा ४५ रुपये करमणूक शुल्क आकारले जाई. लहान नगरपालिका आणि ग्रामीण भागांसाठी दर कमी होता. म्हणजे भोसरीतील एका भाड्याच्या खोलीत राहणारे कामगार कुटुंब वर्षाला ५४० रुपये, दूरचित्रवाणी पाहते म्हणून, सार्वजनिक तिजोरीत भरीत होते. केवळ हिशेबापुरते एक लाख जोडण्या धरल्या तरी ही रक्कम वर्षाला ५ कोटी ४० लाख होते, आणि तिचे पाच टक्के म्हणजे २७ लाख. एका छोट्या चित्रीकरणगटाचे वेतन आणि दोन कॅमेरे यांची तरतूद त्यात सहज झाली असती. परंतु शुल्क जिल्हाधिकारी यंत्रणेमार्फत राज्याकडे जाई आणि स्थानिक वाहिनीशी त्याचा काहीही संबंध जोडला गेला नव्हता. प्रेक्षकाने कर भरला, वाहिनी मात्र जाहिरातदाराची झाली. २०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ६२ वी नोंद बदलून करमणुकीवरील कराचा अधिकार पंचायती, नगरपालिका आदी स्थानिक संस्थांनी आकारण्यापुरताच शिल्लक ठेवला. राज्यांनी गमावलेले हे एकमेव दार स्थानिक संस्थांसाठी उघडे राहिले आहे. केबलवर आज १८ टक्के वस्तू व सेवा कर असताना त्यावर पुन्हा कर लावावा असे सुचविणे लोकप्रिय होणार नाही, आणि ते येथे सुचवायचेही नाही. घटनाकर्त्यांच्या वारसदारांना करमणूक हा विषय स्थानिक वाटला, एवढेच नोंदवायचे आहे. बाराव्या अनुसूचीतही सांस्कृतिक व शैक्षणिक बाबींचे संवर्धन ही तेरावी नोंद आहेच, आणि १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमातील कलम ६६ च्या स्वेच्छाधीन कर्तव्यांत लोकशिक्षणाला उपयुक्त अशा उपायांना वाव आहे. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह किंवा भोसरीचे लांडगे नाट्यगृह उभारताना महापालिकेला अधिकाराचा प्रश्न पडला नाही. नाट्यगृह महापालिकेचे आहे म्हणून नाटकाची संहिता आयुक्तांनी लिहावी, असेही कोणी म्हणत नाही.

मग सध्या पैसा कसा वाहतो? वर्धापनदिनाची शुभेच्छा, करभरणा सवलतीचे आवाहन, स्वच्छता अभियान, निविदा-सूचना, एखाद्या उत्सवाचे थेट प्रक्षेपण, अशा जाहिरातींच्या आणि कामांच्या स्वरूपात. येथे दर आहे, देयक आहे, लेखापरीक्षणही आहे. नाही ते सातत्य. पुढील जाहिरात मिळेल की नाही हे कोणत्याही नियमाने ठरत नाही, आणि म्हणून मागील बातमी कशी होती यावर ते ठरण्याचा धोका कायम राहतो. यासाठी कोणी अधिकारी दुष्ट असण्याची गरज नाही. संपादकाला नुसती शंका आली तरी पुरे होते. अनुदान माध्यमाला मिंधे करते असे म्हणणाऱ्यांनी जाहिरातीच्या या मिंधेपणाचा हिशेब कधी मांडलेला नाही. सामुदायिक रेडिओच्या बाबतीत केंद्राने निदान एवढे केले की, जाहिरातीचा दर आणि वेळ नियमाने बांधला. २००६ च्या धोरणात तासाला पाच मिनिटे होती. फेब्रुवारी २०२४ च्या सुधारित तत्त्वांत ती बारा मिनिटे झाली आणि दर दहा सेकंदांस ७४ रुपये ठरला. रक्कम तुटपुंजी आहे. परंतु ती सर्वांना सारखी आहे, हे मान्य केले पाहिजे.

हातात मोबाइल असलेला प्रत्येक जण आता वाहिनी आहे, मग केबलवरील वाहिनीची मातब्बरी काय, असा आक्षेप अपेक्षित आहे. आमच्या विद्यार्थ्यांचा तर हा पहिलाच प्रश्न असतो. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. प्रसारण कोठून व्हावे हा प्रश्न आता दुय्यम झाला आहे. सामुदायिक वाहिनी यूट्यूबवर दिसली तरी हरकत नाही. परंतु आठ क्षेत्रीय कार्यालयांत बसून फायली वाचणे, एकाच नाल्याकडे तीन पावसाळे परत जाणे, ओडिया वा भोजपुरी बोलणाऱ्या कामगाराशी त्याच्या भाषेत बोलणे यासाठी पगार लागतो. दर्शकसंख्येवर मिळणारा पैसा या कामासाठी नसतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्यात आग लागून महिला कामगारांचा बळी गेला. आगीनंतर कॅमेरे पुष्कळ आले. आगीपूर्वी तेथे जाणे हे कोणाच्याच कामाचा भाग नव्हते.

महापालिकेने माहिती देण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये सुरू झालेली ‘सारथी’ ही हेल्पलाइन हा आपल्या राज्यातील एक चांगला उपक्रम होता. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपून प्रशासक आल्यावर क्षेत्रीय कार्यालयांत जनसंवाद सभा भरविण्यात आल्या. पण ‘सारथी’त नागरिक विचारतो आणि प्रशासन सांगते. जनसंवाद सभेत एकेक तक्रारदार आपले गाऱ्हाणे घेऊन येतो, आणि त्याच्या शेजारच्या वॉर्डातील माणसाला तेच गाऱ्हाणे असल्याचे कळत नाही. जवळपास चार वर्षे लोकप्रतिनिधींविना चाललेल्या या कारभाराच्या काळात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, चिखली-कुदळवाडीतील हजारो बांधकामे पाडली गेली. ती अनधिकृत होती काय, हा न्यायालयीन प्रश्न झाला. त्यांत काम करणारे किती, त्यांचे पुढे काय झाले, भंगार-उद्योग तेथून कोठे गेला, हे प्रश्न सभागृहात विचारणारे कोणी नव्हते आणि पडद्यावर सातत्याने मांडणारेही नव्हते.

ग्रंथालयांचा दाखला

सार्वजनिक पैसा घेऊनही स्वायत्त राहणाऱ्या संस्थांचा नमुना शोधण्यासाठी अमेरिकेस जाण्याचे खरे तर कारण नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यान्वये राज्यातील हजारो ग्रंथालये अनुदान घेतात. ग्रंथालय चालविते ते नोंदणीकृत मंडळ. सभासद त्याचे कार्यकारी मंडळ निवडतात. अनुदान अ, ब, क, ड या वर्गानुसार ठरते आणि वर्ग ठरतो तो ग्रंथसंख्या, सभासद, कामाचे तास यांसारख्या मोजता येण्याजोग्या निकषांवर. सत्ताधाऱ्यांवर टीका करणारे पुस्तक कपाटात आहे म्हणून ‘ब’ वर्गाचे ग्रंथालय ‘क’ वर्गात ढकलण्याची तरतूद या व्यवस्थेत नाही. सामुदायिक वाहिनीसाठी हीच रचना घेता येईल. स्थानिक कार्यक्रमांचे तास, प्रशिक्षित रहिवाशांची संख्या, किती क्षेत्रीय कार्यालयांच्या हद्दीतून चित्रण झाले, किती भाषांत झाले, हे मोजता येते. कोणता कार्यक्रम चांगला हे महापालिकेने ठरवू नये. किती काम झाले एवढेच पाहावे.

या नमुन्याच्या मर्यादा मात्र लपविता येणार नाहीत. ग्रंथालयांचे अनुदान वर्षानुवर्षे वाढत नाही, ते हप्त्यांनी आणि उशिरा मिळते, आणि ग्रंथपालाचे मानधन ऐकून शरम वाटावी अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. कात्री न लावताही गळा आवळता येतो. म्हणूनच सूत्राबरोबर वाढीचा दरही कायद्यानेच बांधलेला हवा. महापालिकांनी २०१७ साली स्वतःसाठी आठ टक्के मागून घेतले, तसा. आणि रक्कम वाहिनीला परस्पर न देता मधल्या मंडळामार्फत द्यावी. या मंडळात नगरसेवक नसावेत काय? प्रस्तुत लेखकाच्या मते असावेत, पण अल्पसंख्य असावेत. लोकप्रतिनिधींना पूर्ण वगळणारी मंडळे दिसायला शुद्ध असतात; परंतु पैशाची गरज पडते तेव्हा सभागृहात त्यांची बाजू घेणारे कोणी उरत नाही.

उद्योगांच्या सामाजिक दायित्व निधीतून हे सारे भागवावे, अशी सूचना या पट्ट्यात हमखास होते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार खर्च करावयाचे दोन टक्के येथे खरोखरच मोठे आहेत. परंतु ज्या पट्ट्यातील सर्वांत मोठा न बोललेला विषय ठेकेदारी कामगार हा आहे, तेथील वाहिनी वाहन-उद्योगाच्या देणगीवर चालविणे म्हणजे जाहिरातीचा प्रश्न दुसऱ्या दाराने आत घेणे होय.

चाकणचा प्रश्न

आतापर्यंतचे विवेचन महापालिकेच्या हद्दीत बसते. मोशी ओलांडून नाशिक रस्त्याने पुढे गेले की ते अपुरे पडू लागते. कारखाने तेच, कामगार तेच, कंपनीच्या बसगाड्या त्याच. शासन मात्र दुसरे. चाकणची नगरपरिषद अलीकडची, सभोवार ग्रामपंचायती, औद्योगिक क्षेत्रापुरते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, आणि नियोजनासाठी २०१५ पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. केबलच्या डिजिटलीकरणातही हा दुभंग दिसला. पिंपरी-चिंचवड दुसऱ्या टप्प्यात, मार्च २०१३ मध्ये बदलले. चाकण पट्ट्यातील ग्रामीण भाग शेवटच्या टप्प्यात, २०१७ पर्यंत रेंगाळला. करमणूक शुल्काचा दरही रस्त्याच्या या बाजूला वेगळा आणि त्या बाजूला वेगळा होता.

३० जुलै २०१८ रोजी मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले, बसगाड्या जाळल्या गेल्या आणि जमावबंदी लागू झाली. परप्रांतीय आणि परजिल्ह्यांतील कामगारांच्या खोल्यांनी भरलेल्या अशा गावात त्या संध्याकाळी कोणता रस्ता खुला आहे, पाळी सुटल्यावर घरी जावे की कारखान्यातच थांबावे, हे विश्वासाने सांगणारा स्थानिक आवाज असणे ही चैन नव्हे. तो आवाज उभा करण्याचा खर्च कोणी करावा? दोन-चार हजार वस्तीची ग्रामपंचायत तो करू शकत नाही. औद्योगिक महामंडळ स्थानिक स्वराज्य संस्था नाही. त्याला मतदार नाहीत, भूखंडधारक आहेत. प्राधिकरणालाही थेट मतदार नाहीत. मोजता येण्याजोगे सूत्र आणि मधले मंडळ यांचा उपयोग येथे महापालिकेपेक्षाही अधिक आहे, कारण येथे एका तिजोरीवर विसंबणे शक्यच नाही.

इंद्रायणीचे उदाहरण घ्यावे. ही नदी देहू नगरपंचायत, महानगरपालिका, आळंदी नगरपरिषद आणि काही ग्रामपंचायती यांच्या सीमा ओलांडीत जाते, तिच्या काठी कारखाने आहेत, आणि आळंदीच्या घाटावर फेस दिसला की प्रत्येक संस्था वरच्या अंगाच्या संस्थेकडे बोट दाखविते. लोकसंख्येच्या प्रमाणात या सर्वांनी वाटा उचललेला एक छोटा निधी आणि त्यातून एका ना-नफा कंपनीने वर्षभर केलेले नदीचे चित्रण, एवढ्यावर प्रयोग सुरू करता येईल. त्यासाठी केंद्राच्या नव्या परवान्याची वाट पाहावी लागणार नाही. २०२२ च्या तत्त्वांतील जिल्ह्यामागील दोन वाहिन्यांची मुभा आणि कलम ८ एवढ्यावर ते भागेल. अडचण येईल ती पहिल्या अप्रिय भागानंतर. वाटा देणाऱ्या संस्थांपैकी एखादी आपला हप्ता रोखू पाहील. त्या वेळी उरलेल्यांचे हप्ते चालू राहतात की नाही, आणि रोखलेला हप्ता वसूल करण्याचा अधिकार मधल्या मंडळाला दिलेला आहे की नाही, हे करारनाम्याच्या मसुद्यातच लिहून ठेवावे लागेल.